वर्षाचं वचन घेऊन नागपूरला

काटोलच्या एस.टी. स्टँडवर सकाळची पहिली गाडी लागली तेव्हा टपावर संत्र्यांच्या टोपल्या चढवणं चालू होतं. मृग बहाराचा, उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा माल होता. खाली आम्ही दोघं उभे. माझ्या हातात डबा आणि कपड्यांची पिशवी, यांच्या काखेत कापडात गुंडाळलेलं बायबल. यांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती, कारण ती शिरतच नव्हती. पायाला मी जुन्या मऊ धोतराची पट्टी बांधली होती आणि पट्टीवर सकाळीच पिवळा डाग उमटला होता.

नागपूरला कशासाठी निघालो ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट लागेल.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी उपासना झाली की पत्र्याचा एक डबा फिरवतात. त्यात शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात. घरातल्या मोठ्या माणसानं डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची. ते त्या घराचं वर्षाचं वचन. कोणी ते भिंतीला लावतं, कोणी पाकिटात ठेवतं. यंदा आमच्या घराला निघालं ते असं होतं, की देवच जखम करतो आणि तोच बांधतो, तोच मारतो आणि त्याचेच हात बरं करतात.

त्यानंतर तीन आठवड्यांनी शिलाई मशीनच्या पायट्याचा सुटलेला पत्रा यांच्या उजव्या पायाच्या बोटांना लागला. हे शिंपी. बेलबॉटमचे दिवस, काटोलची सगळी पोरं दुकानात रांग लावून बसलेली, त्यामुळे हे रक्त पुसून तसेच पाय मारत राहिले. जखम भरेना. काटोलच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, साखर निघाली. मग बोटं काळी पडू लागली तेव्हा ते म्हणाले, "आठ दिवसांच्या आत नागपूरला न्या. दोन बोटं काढावी लागतील. बसून राहिलात तर पाऊल जाईल, मग मशीन विसरा."

हे घरी येऊन भिंतीवरची चिठ्ठी काढून मला दाखवू लागले. "वाच. वर्ष लागलं तवाच सांगून ठेवलं होतं त्यानं. ज्यानं जखम केली, तोच बांधन."

मी म्हटलं, "त्यात दवाखान्यात जाऊ नका असं कुठं लिहिलं आहे?"

"तू चौथी शिकली, तुले काय समजते वं शास्त्रातलं?"

तीन दिवस असे गेले. रडून झालं, जेवण टाकून झालं. शेवटी एका गोष्टीवर तयार झाले. आमच्या काटोलच्या देवळात पूर्वी जे पाळक होते, ज्यांनी आमचं लग्न लावलं, ते आता म्हातारे होऊन नागपुरात सदर भागात राहतात. ते म्हणतील तसं करू. पाळकांनी दवाखाना म्हटला तर दवाखाना, वचन म्हटलं तर वचन. एक पाऊल आणि त्याचा निकाल देणार ज्यांनी कधी पाय तपासला नाही ते. पण निघाले हेच पुष्कळ समजून मी डबा भरला.

गाडीत यांचा पाय मधल्या वाटेत आला. कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, पाय आत घ्या, लोक येऊन राहिले." आत घ्यायला जागा नव्हती. शेजारी फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) थैली घेऊन एक म्हातारी बसली होती. कळमेश्वर येईपर्यंत तिनं दोनदा नाकाला पदर लावला. मग राहवलं नाही.

"पाय दाखवाले चालले काय भाऊ?"

"नाई. पाळकाले भेटाले चाललो. आमचे धर्मगुरू."

"अन् ते काय करन पायाले?"

"शास्त्र पाहून सांगतीन."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर संत्र्यांच्या बागा मागे पळत होत्या, झाडाझाडाला बांबूचे टेके दिलेले. "बाई," म्हातारी मला म्हणाली, "तुमचा माणूस लई भोळा हाय का लई हुशार, ते मले समजून नाई राहिलं." आमच्या पुढच्या बाकावरचे हसले. हेही हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण मला तेवीस वर्षांत तेच समजलेलं नाही.

गाडी काटोल नाक्यावरून शहरात शिरते. सदर तिथून जवळ. मी पिशवी उचलून उभी राहिले. हे उठले नाहीत.

"आधी गांधीबागेत जाऊ. अस्तर संपलं हाय."

ज्या माणसाला डॉक्टरकडे जायला वेळ नाही, त्याला अस्तराला वेळ होता. एस.टी. स्टँडपर्यंत गेलो, तिथून सायकलरिक्षा करून गांधीबाग. गल्लीत हातगाड्या, कापडाच्या गाठी, हमालांचं "हटो, हटो". रिक्षा आत जाईना. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून, एका टाचेवर, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून उडत उडत चालले. एका हमालाची गाठ पायाला घासून गेली तेव्हा यांच्या तोंडून देवाचं नावही निघालं नाही, दुसरंच काही निघालं.

शेठ ओळखीचे. हे वर्षानुवर्षं तिथूनच माल नेतात. त्यांनी गादीवरून उठून स्टूल पुढे केलं.

"काहून गा शांतवनभाऊ, लंगडून राहिला?"

यांनी जखमेचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं, पाळकांचं सांगितलं. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तुझ्या शास्त्रातलं काई जाणत नाई. पण ठाणाच्या कोपऱ्याले कसर लागली तं आपण काय करतो? तेवढा कोपरा फाडतो अन् ठाण वाचवतो. का ठाणापुढं अगरबत्ती लावून बसतो?"

"शेठ, अस्तर दाखवा," हे म्हणाले. "पांढरं नको. करडं."

पाऊण तास अस्तर पाहिलं. शेवटी पांढरंच घेतलं.

सदरला नणंदेच्या घरी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. माझी नणंद करुणा यांची धाकटी बहीण. तिचे मिस्टर रेल्वेत कारकून, मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांना त्या दिवशी सुट्टी होती. पाळक दुपारी निजतात, सकाळीच भेटतात, असं करुणानं सांगितलं. म्हणजे आणखी एक दिवस गेला. मी मनात मोजलं, आठांतले चार झाले.

करुणानं वडाभात केला होता, सोबत सांबारवडी (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). यांचा पाय एका पाटावर उशी ठेवून त्यावर ठेवला. तो पाय आमच्या चौघांच्या मध्ये होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी भांडण सुरू झालं.

करुणा म्हणाली, "दादाले वचन निघालं, मंग वचनावर भरोसा ठेवाच लागन. शास्त्रातला शब्द हाय, माणसाचा नोहे."

भाऊजी म्हणाले, "शास्त्र लिहिलं कोणी? माणसानंच ना? त्यालेबी जेवण लागे, त्यालेबी झोप येत होती. चुकला असन कुठी."

"एक ओळ चुकली म्हटलं का पुऱ्या पुस्तकाले भोक पडते!"

"मंग त्यात बायांनी डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना करा, असंबी हाय. तुह्या डोक्यावरचा पदर कुठी गेला?"

करुणानं पदर डोक्यावर ओढला आणि दुप्पट आवाज केला. "तुम्ही रेल्वेचं टाइमटेबल खरं मानता अन् देवाचं पुस्तक खोटं!"

"टाइमटेबल खरं असते असं तुले कोणी सांगितलं? मले विचार!"

हे मधून मधून "बरोबर" म्हणत होते, बहुधा दोघांनाही. मी वाट पाहिली की कोणी तरी पट्टी सोडून पाय बघेल. करुणानं शास्त्रातल्या लढाईत सूर्य खरंच थांबला होता की नव्हता तिथपर्यंत विषय नेला. भाऊजी शास्त्रातल्या, माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेल्या माणसावर आले. वडाभात गार झाला. पायावर माशी बसली ती मी उडवली.

मला भांडता येत नाही. माहेरी, सासरी, मंडळीत, चार माणसांत माझा आवाज घशातच राहतो. म्हणून मी भांडी आवरली, यांचं कापडात गुंडाळलेलं बायबल घेतलं आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसले. मला एवढंच पाहायचं होतं की ते वचन पुस्तकात आहे तरी का. बायबलातच ठेवलेल्या चिठ्ठीच्या खाली बारीक अक्षरात त्यातलं पुस्तक आणि अध्याय लिहिलेला होता. इतके दिवस ती भिंतीवर होती, पण ते पान कोणी उघडलं नव्हतं. यांनीही नाही, मीही नाही. त्याची लाज वाटली.

ज्याची गुरं गेली, मुलं मेली, अंगभर फोड आले आणि जो राखेत बसून खापरीनं अंग खाजवत होता, त्या माणसाचं ते पुस्तक. लहानपणी संडेस्कूलमध्ये ऐकलं होतं. वाचलं नव्हतं कधी. मी ओळीखाली बोट ठेवून वाचते, सावकाश. वचन सापडलं. शब्द न् शब्द तोच. मला ते नसावं असं वाटत होतं.

मग वाटलं, हे बोलतंय कोण? मागे गेले. देव बोलत नव्हता. त्या आजारी माणसाला भेटायला तीन मित्र आले होते, त्यातला थोरला बोलत होता. तू काही पाप केलं असशील, शिक्षा गोड मानून घे, देव जखम करतो तोच बांधतो, असं त्याला समजावत होता. मग आजारी माणूस बोलला. मग दुसरा मित्र. मग पुन्हा आजारी माणूस. पानामागून पान ते सगळे बोलतच राहतात. इतक्या बोलण्यात त्या फोडांना कोणी पाणीसुद्धा लावत नाही. आतल्या खोलीत करुणा आणि भाऊजी अजून भांडत होते. मला दोन्हीकडच्यांचा राग आला.

शेवटी मी वाचणाऱ्यांनी करू नये ते केलं. पानं उलटून शेवटाला गेले, तो माणूस बरा होतो की नाही एवढं पाहायला. तिथं देव त्या थोरल्या मित्राचं नाव घेऊन बोलत होता. माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर भडकला आहे, माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, असं म्हणत होता. मी ते तीनदा वाचलं. नाव तेच आहे ना, म्हणून पुन्हा मागे जाऊन ताडून पाहिलं. तेच होतं. आमच्या भिंतीवर ज्याचं बोलणं लावलं होतं, त्यालाच देवानं झापलं होतं.

संध्याकाळी यांना सांगू लागले. यांनी हात वर केला. "सकाळी पाळक सांगतीन. तू मधात पडू नको."

सकाळी निघालो. पाळकांचं घर देवळामागच्या आवारात, कौलारू, दारात पपईचं झाड. पाळक खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली. तरी "सलाम पाळकसाहेब" म्हणताच यांचा आवाज ओळखून त्यांनी हात पुढे केले. "शांतवन! काटोलचा! मशीन चालते ना?"

यांना गहिवरून आलं. खाटेशेजारी बसून यांनी सगळं सांगितलं, चिठ्ठीवरचं वचन घडाघडा म्हणून दाखवलं आणि विचारलं, "आता तुम्हीच सांगा. ह्या वचनावर भरोसा ठेवू का नाई?"

पाळक म्हणाले, "वचनावर भरवसा ठेवू नको, असं मी कसं म्हणेन रे? वचन खरं आहे. ये, प्रार्थना करू." आणि त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले. यांनीही मिटले. यांच्या चेहऱ्यावर काय ते समाधान! मला समोर पाऊल जाताना दिसत होतं.

पाळक "हे स्वर्गीय पित्या" म्हणाले आणि मी म्हटलं, "थांबा."

प्रार्थना मध्येच तोडणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. यांनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल फेकली होती. पण आता थांबून उपयोग नव्हता.

"ते देवाचं बोलणं नाही, पाळकसाहेब. मित्राचं आहे. देव पुढे त्याच्यावर रागावतो."

"कोण बोलतंय?" पाळकांनी विचारलं.

"माझी घरची हाय," हे म्हणाले. "चौथी शिकली हाय."

"वाचता येतं ना? मग वाचा, बाई."

मी वाचलं. चौथीतल्या मुलीसारखं, अडखळत, बोट ठेवून. आधी मित्राचं बोलणं, मग शेवटचं देवाचं. पाळकांनी हात यांच्या डोक्यावरून काढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "ती चिठ्ठी द्या."

त्यांनी ती बोटांत फिरवली, कड चाचपली. "लग्नपत्रिकेचा कागद. जाड." ते म्हणाले, "ह्या मीच कापल्या आहेत. काटोलला असताना. आमच्या मिसेस सुवाच्य अक्षरात लिहायच्या, मी कात्रीनं कापायचो. ऐकायला बऱ्या वाटतील अशा ओळी मी शोधून द्यायचो. कोण कोणाला बोललं, ते लिहायला चिठ्ठीत जागा नव्हती."

हे म्हणाले, "पण माह्या हातात हीच कशी आली? देवानं दिली म्हणूनच ना?"

"तीनशे घरांचा डबा आणि एक हात. मला नाही सांगता येत, शांतवन."

"म्हंजे वचन खोटं?"

"खोटं नाही. तीच गोष्ट इतरही ठिकाणी लिहिली आहे, आणि तिथे ती खरी आहे. पण त्या मित्रानं ती ज्याला ऐकवली त्याला ती लागू नव्हती. पुस्तकात सैतानाचं बोलणंही लिहिलं आहे. तो तसं बोलला, हे खरं. म्हणून काय आपण त्याचं ऐकायचं? चूक पुस्तकाची नाही. कात्रीची आहे. माझी."

मला वाटलं, आता हे उठतील. पण हे रागावले. मी यांना पाळकांवर रागावताना कधी पाहिलं नव्हतं. "ज्या वर्षी जागा सोडू नको अशा अर्थाचं वचन निघालं, त्या वर्षी नागपूरच्या मिलमधली चालून आलेली शिलाईची नोकरी मी घेतली नाई. चांगली नोकरी होती. तेबी तुमच्याच कात्रीनं गेलं काय?"

पाळकांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला त्यांची दया आली आणि संतापही आला. एवढ्या वर्षांत एकदाही एखाद्या चिठ्ठीमागचं पान उघडून दाखवावं, असं ह्या माणसाला वाटलं नाही, आणि आम्हालाही कोणाला विचारावंसं वाटलं नाही. पुस्तक खरं मानणारे आम्ही सगळे, फक्त ते वाचायचं तेवढं राहिलं होतं.

बाहेर रिक्षा उभी होती. यांना चढवलं. रिक्षावाल्यानं कुठं म्हणून विचारलं. हे समोर पाहत राहिले. मी म्हटलं, "मोठ्या दवाखान्यात घ्या." ते मला वाटलं त्यापेक्षा फार मोठ्यानं निघालं. मी यांच्याकडे पाहिलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर हे म्हणाले, "हळू चालव गा. ठोकर लागली का कळ मस्तकात जाते."

दवाखान्यात तीन बोटं गेली. दोनवर भागलं असतं, आणखी दोन दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते मलाच म्हणाले. यांना कोणी काही म्हणालं नाही. पाऊल वाचलं. करुणा रोज डबा आणायची आणि खाटेच्या एका बाजूला उभी राहून भाऊजींशी दुसऱ्या बाजूला तेच भांडायची. अंगठा शाबूत आहे, पायटा मारता येईल, असं ड्रेसिंग करणारी सिस्टर म्हणाली, तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

महिन्याभरानं काटोलच्या गाडीत बसलो. संत्र्यांचा मोसम सरत आला होता, उन्हानं तापलेल्या खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. शेजारी एक मास्तर बसले होते. हे त्यांना पायाची कहाणी सांगू लागले. "कसं हाय मास्तर, शास्त्र अर्धं वाचू नये. कोण बोलून राहिला ते आधी पाहावं. मी शेवटचा अध्याय पाहिला, तवा मले उमगलं." मास्तर वाहवा म्हणाले. मी पिशवीतला डबा या हातातून त्या हातात घेतला. बोलायचा माझा वर्षाचा वाटा संपला होता.

पण इथं लिहिते. बायबल खरं की खोटं, असं मला करुणा विचारते तेव्हा तिला मी तिच्या बाजूची हवी असते, आणि भाऊजी विचारतात तेव्हा त्यांच्या. मी दोघांच्याही बाजूची नाही. ज्या पुस्तकानं चुकीचं बोलणाऱ्याचं बोलणं लपवलं नाही, पाचव्या अध्यायात त्याला मोकळेपणी बोलू दिलं आणि शेवटी त्याच्या तोंडावर चूक म्हटलं, त्या पुस्तकावर माझा पूर्वीपेक्षा जास्त भरवसा बसला आहे. त्याचा अधिकार मी मानते. त्याच्यातला तुकडा हातात घेऊन माझ्यावर अधिकार गाजवायला येतात, त्यांचा नाही मानत. सगळं मला कळलं असं नाही. सूर्य थांबला का, ते मला ठाऊक नाही. पण कोणी ओळ म्हणून दाखवली तर आता मी मागचं पान मागणार. घरातलं माणूस असो की पाळक.

कळमेश्वर मागे पडल्यावर मास्तर उतरले. यांना ऐकणारं कोणी उरलं नाही. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "पुस्तक काढ वं. पहिल्यापासून वाच. मोठ्यानं."

भर गाडीत मोठ्यानं वाचायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंडक्टर बघत होता. तरी पहिलं पान काढलं, बोट ठेवलं आणि सुरू केलं. हे दुसऱ्या ओळीलाच माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरू लागले. मी पुढे वाचत राहिले.